पेलणाऱ्याला हात लावायचा नाही

रुद्रप्पा हट्टी आहे, हे मंगळवार पेठेत कुणी कुणाला सांगत नसे. तशी वेळच येत नसे. त्याचं करडईच्या तेलाचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं भावात फार घासाघीस केली की तो डब्यावर झाकण ठेवायचा आणि रस्त्यावरची बैलगाडी बघत बसायचा. गिऱ्हाईक गेलं तर गेलं. स्वतःच्या लग्नात घोडा पसंत पडला नाही म्हणून हा गडी मांडवापर्यंत पायी गेला होता, आणि वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्याला तो रिकामा घोडा लगाम धरून मागून आणावा लागला होता. त्याची बायको महादेवी हा किस्सा चारचौघांत रंगवून सांगायची. तो हसायचा नाही. "घोडा लंगडत होता," एवढंच म्हणायचा.

पण गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा, जवळ आली की हाच हट्ट सगळ्यांना हवाहवासा वाटे. संक्रांतीला सिद्धेश्वराचे नंदीध्वज मिरवणुकीनं निघतात. घराच्या माडीहून उंच, सजवलेला, वजनदार कळक, म्हणजे जाड बांबू, आणि तो पेलायचा एकट्या माणसानं. कमरेच्या पट्ट्यावर बुंधा टेकवायचा, दोन्ही हातांनी तोल धरायचा, आणि अंगात पांढरी बाराबंदी घालून अनवाणी, गर्दीच्या समुद्रातून वाट काढायची. रुद्रप्पाचे वडील शिवलिंगप्पा ही सेवा करायचे. ते थकल्यावर रुद्रप्पानं घेतली, आणि त्यानंतर एकही संक्रांत चुकवली नाही.

या कामाचा एक नियम होता. पेलणाऱ्याच्या चारी बाजूंनी माणसं चालतात, हात पसरून, डोळे वर लावून. पण कळक कितीही कलला तरी पेलणारा 'धर' म्हणेपर्यंत त्याला बोट लावायचं नाही. तोल कुठं चाललाय हे ज्याच्या कमरेवर वजन आहे त्यालाच कळतं. बाहेरून बघणाऱ्याला फक्त भीती वाटते.

रुद्रप्पानं हा नियम मोडलेला एकदा पाहिला होता. तो लहान होता, दिवाळीनंतरचा सराव चालला होता, आणि वडिलांच्या कमरेवरचा कळक वाऱ्यानं थोडा झुकला. सगळी गल्ली धावली. एकानं इकडून ओढला, दुसऱ्यानं तिकडून रेटला, तिसरा तर वडिलांनाच मिठी मारून बसला. कळक आडवा झाला आणि वडिलांच्या गळ्याचं हाड मोडलं. खांद्याला फडकं बांधून पडलेल्या शिवलिंगप्पांनी पोराला जवळ बोलावून सांगितलं होतं, "वाऱ्यानं न्हाय पडला बाळ. मला वाचवायला आले, त्यांनी पाडला." रुद्रप्पाला त्या वेळी त्यातलं फक्त वडिलांचं विव्हळणं जाणवलं.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली. ही काही पहिली नव्हती. मागे दोनदा डोळे पिवळे झाले होते, आणि दोन्ही वेळा तो मंद्रूपच्या बाजारादिवशी जाऊन एका वैद्याकडून डोक्यावर काड्यांची माळ घालून घेऊन आला होता. माळ वाढत वाढत गळ्यात आली, पायातून निघाली, डोळे पांढरे झाले, आणि घरात पुरणपोळी झाली. या खेपेला माळ पायातून निघाली तरी डोळे पिवळेच राहिले. जेवणावरची वासना उडाली. तेलाच्या वासानं पोटात ढवळायचं, आणि तेलाच्या दुकानात बसून तेलाचा वास टाळणार कसा? उजव्या बरगडीखाली कोणी जड पाटा ठेवल्यासारखं वाटायचं.

"आता सिव्हिलला," महादेवी म्हणाली.

"संक्रांतीपर्यंत होतंय बरं."

"संक्रांतीला तुमी पायजे आसाल तर सिव्हिलला चला," ती म्हणाली, आणि रिक्षा दारात आणूनच बोलली होती.

सिव्हिलमध्ये डॉक्टर शहापूरकर म्हणून एक बाई होत्या. मुंबईला शिकून आलेल्या, बोलायला फटकळ, आणि पेशंटनं उलट उत्तर दिलं की चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी त्याचं रक्त मुंबईला पाठवलं. मग बरगड्यांमधून एक लांब सुई घालून लिव्हरचा दोऱ्याएवढा तुकडा काढला. सुई आत जाताना रुद्रप्पानं हूं की चूं केलं नाही, पण नंतर कुशीवर निपचित पडून राहा म्हटल्यावर मात्र त्यानं नर्सशी भांडण काढलं.

मुंबईहून निकाल आला. रक्तात ऑस्ट्रेलिया अँटिजेन सापडलं होतं, म्हणजे कावीळ करणाऱ्या एका विषाणूची खूण. ते ऐकून रुद्रप्पाची आई शिवबाई, जिला सगळं घर अव्वा म्हणायचं, चक्रावून गेली. "आमच्यातलं होटगीच्या पुढं कोण गेलंय म्हणून?" ती म्हणाली. "ऑस्ट्रेलिया कुटनं आलं?" बाईंनी समजावलं की नाव तेवढं तिकडचं आहे, विषाणू इथलाच, कधीतरी कुठल्यातरी न उकळलेल्या सुईतून आला असेल, नाहीतर लहानपणी घरातूनच. मग त्यांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त मागवलं. तीच खूण फक्त धाकट्या भावात, निंगप्पात, सापडली. आणि निंगप्पा तर ठणठणीत होता.

निंगप्पा म्हणजे घरातला आळसाचा पुतळा. दुकानात बसवला तर पोत्याला टेकून झोपायचा. नंदीध्वजाच्या सरावाला यायचा, पेलायचाही बरा, पण दोन फेऱ्या झाल्या की "अण्णा, आता तू" म्हणून चहाच्या गाडीकडे सटकायचा. त्याच्या अंगात तोच विषाणू, आणि त्याला साधी आंबट ढेकरही नाही. रुद्रप्पाला हा सरळ सरळ अन्याय वाटला आणि तो त्यानं बाईंपुढे बोलून दाखवला.

बाईंनी त्याला उठवून एका खोलीत नेलं. टेबलावर सूक्ष्मदर्शक होता. "बघा," त्या म्हणाल्या, "तुमचंच आहे."

रुद्रप्पानं एक डोळा मिटून दुसरा लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग गुलाबी फरशा बसवल्यासारखं काहीतरी, आणि एका बाजूला निळ्या ठिपक्यांची झुंबड. यात्रेत पाळण्यापाशी होते तशी. ठिपके कडेनं गर्दी करून त्या गुलाबी फरशांत घुसत होते, आणि ते घुसले होते तिथल्या फरशा फुटलेल्या दिसत होत्या.

"हे किडे काय कावीळचे?"

"नाही. विषाणू यात दिसतच नाही, इतका बारीक असतो. गुलाबी आहे ते तुमचं लिव्हर. निळे ठिपके म्हणजे तुमच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी. शरीराचे पहारेकरी म्हणा."

"मग चांगलंच हाय की. लढाया लागलेत."

"लढतायत. पण कुणाशी ते ऐका." बाई स्टुलावर बसल्या. "विषाणू लिव्हरच्या पेशीत शिरून राहतो. तो आपणहून फारसं मोडतोड करत नाही, असं अलीकडे बऱ्याच जणांना वाटायला लागलंय. पण पहारेकऱ्यांना त्याचा सुगावा लागतो आणि ते त्या पेशीवरच तुटून पडतात. विषाणू मरतो न मरतो, पेशी मात्र नक्की मरते. तिथे वण राहतो. सगळं लिव्हर वणांनी भरलं की मग माझ्या हातात काही नाही."

रुद्रप्पा पुन्हा नळीत डोळा लावून बराच वेळ बघत राहिला. "म्हंजे मला मारतंय ते माझंच," तो म्हणाला.

"तुमचंच. निंगप्पाचे पहारेकरी त्या विषाणूकडे कानाडोळा करतात, म्हणून तो आज बरा आहे. उद्याचं सांगता येत नाही, त्याला दर वर्षी दाखवायला सांगा. तुमचे मात्र ऐकायला तयार नाहीत. तुमच्यावर गेलेत."

बाईंनी पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या. लपवाछपवी केली नाही. या गोळीनं विषाणू मरत नाही, त्या म्हणाल्या. गोळी पहारेकऱ्यांना शांत करते एवढंच. ती द्यावी की नाही यावर मोठमोठ्या डॉक्टरांत वाद आहेत, आणि देताना त्यांनाही धास्ती वाटते. पण ही मारामारी अशीच चालली तर वर्षभरात लिव्हर जाईल. दोन गोष्टी त्यांनी बजावल्या. गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही. आणि कितीही बरं वाटलं तरी मनानं बंद करायची नाही. कमी करायची तर त्या सांगतील तशी, हळूहळू.

"आणि नंदीध्वज?"

"या वर्षी नाही."

रुद्रप्पानं मान डोलावली. मनात मात्र त्यानं डब्यावर झाकण ठेवलं होतं. यंदाही नंदीध्वज पेलायचा. बाई आपलं बोलणारच.

गोळ्या लागू पडल्या. श्रावण सरता सरता डोळे पांढरे झाले, भूक परतली, दुकानात बसता येऊ लागलं. तोंड मात्र बत्ताशासारखं गोल झालं. "चांगलं बाळसं धरलंय," म्हणून निंगप्पानं चिडवलं. महादेवी रोज दोन्ही वेळेला ताट वाढायची, शेवटचा घास होईपर्यंत समोर बसायची आणि मग गोळी तळहातावर ठेवायची.

दिवाळी झाली आणि सराव सुरू झाला. रुद्रप्पा पहिल्या दिवशी नुसता बघायला म्हणून गेला. मग सहज केल्यासारखं दाखवत त्यानं पट्टा आवळला आणि बुंधा कमरेवर घेतला. हात ठीक होते. कंबर ठीक होती. पण पहिलं पाऊल टाकलं आणि मांड्या लटलटायला लागल्या, जणू त्या दुसऱ्याच कुणाच्या होत्या. त्यानं 'धर' म्हटलं. आयुष्यात इतक्या लवकर त्यानं कधी 'धर' म्हटलं नव्हतं. माणसांनी कळक उतरवून घेतला आणि कोणी काही बोललं नाही. त्या न बोलण्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

घरी आल्यावर तो माजघरात अव्वाशेजारी जाऊन बसला. महादेवी पाण्याला गेली होती.

"मांड्यात जीवच न्हाय अव्वा."

"कसा आसंल मगा?" अव्वा म्हणाली. लेकराला ती कानडीतलं 'मगा' म्हणायची. "तूच सांगितलंस न्हवं, गोळी आतल्या शिपायास्नी निजवती म्हणून? शिपाई निजले तर ताकद कुटनं येणार? घरात चोर, आन आपण पहारेकऱ्याला अफू घालायची. मला तर पयल्यापासनं पटलं न्हाय."

रुद्रप्पाला ते पटलं. पटायचंच होतं, म्हणून लवकर पटलं. ताकद पेलण्यासाठी लागते, ताकद लढण्यासाठी लागते, म्हणजे ताकद एकच. आणि ती या पांढऱ्या गोळीखाली दडपली गेली आहे, असा त्यानं हिशेब लावला. आणि एका बाबतीत हिशेब खराही होता. मांड्यांचं बळ गोळीनंच खाल्लं होतं. पण अर्धं खरं धरून पुढचं सगळं ठरवणं हा हट्टी माणसाचा जुना रोग, आणि त्याच्यावर सिव्हिलमध्ये औषध नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून महादेवीनं दिलेली गोळी तो जिभेखाली धरायचा, पाणी प्यायचा आणि दुकानात आल्यावर तेलाच्या पिंपामागे थुंकून टाकायचा. आठवडाभर त्याला हुशारी वाटली. अव्वा गुपचूप तुपातले लाडू द्यायची. सरावात तो दोन पावलं चालला, मग चार. "बघ," तो निंगप्पाला म्हणाला. "शिपाई जागे झाले."

खरंच जागे झाले होते.

सरावाच्या जागेवरच तो एका संध्याकाळी भडाभडा ओकला. घरी येईपर्यंत त्याला घाम फुटला होता. लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली, डोळे हळदीसारखे झाले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. सिव्हिलमध्ये पोचेपर्यंत तो अर्धवट बरळत होता. गिऱ्हाइकाला झाकण लावायला सांगत होता. महादेवी दुकान बंद करायला परत आली, तेव्हा पिंपाच्या मागे तिला फरशीवर पांढरा चिकट थर दिसला आणि त्यावर मुंग्यांची रांग. ती तिथेच मटकन बसली. तिला रागही आला आणि रडूही आलं, पण बसून राहायला सवड नव्हती. तिनं तो थर कागदावर खरवडून घेतला आणि सिव्हिलमध्ये नेऊन बाईंपुढे धरला.

पुढचे दिवस कसे गेले ते रुद्रप्पाला नीट आठवत नाही. सलाइन, बाईंचा चष्मा, आणि उशाशी महादेवीची काकणं वाजायची, एवढंच. गोळी पुन्हा सुरू झाली होती. बाईंनी महादेवीला बाहेर नेऊन सांगितलं होतं की वाचेल असं मी म्हणत नाही. महादेवीनं ते घरी कोणाला सांगितलं नाही. सकाळी डबा घेऊन यायची, घास भरवायची, गोळी द्यायची, आणि आता त्याच्या जिभेखाली बोट फिरवून बघायची.

तो वाचला. एके दिवशी सकाळी डोळे उघडले आणि डब्यात काय आहे असं त्यानं विचारलं. बाईंच्या कानावर गेल्यावर त्या तरातरा आल्या.

"गोळी मनानं बंद करायची नाही, हे मी सांगितलं होतं का?"

"सांगितलं होतं."

"का केली मग?"

"ताकद पायजे होती." त्याचा आवाज खोल गेला होता. "म्हटलं शिपाई जागे झाले तर ताकद येईल."

बाईंचा राग तेवढ्यावर उतरला नाही, पण त्या खाटेच्या कडेला बसल्या. "सगळे एकदम जागे झाले," त्या म्हणाल्या. "इतके दिवस दाबून ठेवलेले, एका वेळी सुटले. आणि सगळे लिव्हरवर धावले. ते तुमचे वैरी नाहीत हो रुद्रप्पा. तुम्हाला वाचवायलाच धावले. पण सगळे एकदम धावले की काय होतं?"

रुद्रप्पा छताकडे बघत होता. बाईंना वाटलं, पुन्हा झापड आली की काय.

"हाड मोडतंय," तो म्हणाला.

बाईंना अर्थातच काही कळलं नाही. त्यानं मग त्यांना सरावाची, वडिलांची, गल्लीची गोष्ट सांगितली. मध्ये मध्ये थांबत, दम घेत सांगितली. वडील म्हणाले होते तेही सांगितलं. इतकी वर्षं तो दुसऱ्यांना हाच नियम शिकवत आला होता. नवा पोरगा घाबरून हात पुढे करू लागला की त्याच्या बोटांवर फटका मारत आला होता. आणि स्वतःच्या पोटात तीच चूक त्यानं मुद्दाम, दात-ओठ खाऊन केली होती. त्याला इतकी शरम वाटली की त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

संध्याकाळी अव्वा आली. ती उंबऱ्यातच उभी राहिली. आत यायचा तिला धीर होईना. "मीच तुला..." एवढं म्हणून तिनं पदर तोंडाला लावला.

"अव्वा, हितं बस," रुद्रप्पा म्हणाला. "तू वाचवायलाच आलतीस." तिनं लाडवाचा डबा आणला होता. तो त्यानं महादेवीकडे दिला आणि महादेवीनं तो निंगप्पाला दिला, आणि निंगप्पानं मात्र कुणाची परवानगी विचारली नाही.

लाडू खाणाऱ्या भावाकडे रुद्रप्पा बघत राहिला. एकदा ठरवलं की ठरवलं. "निंग्या," तो म्हणाला. "यंदा तू पेलायचं."

निंगप्पाच्या तोंडात लाडू तसाच राहिला. "मी? आन तू?"

"मी बाजूला चालतो."

"आरं पण मला सवय कुटं हाय, दोन फेऱ्यांच्या पुढं—"

"तो स्टँड घे," रुद्रप्पा म्हणाला.

कोपऱ्यात सलाइनचा रिकामा लोखंडी स्टँड होता. निंगप्पानं तो कमरेवर घेतला आणि खाटांच्या मधून चालू लागला. रुद्रप्पा पडल्या पडल्या सांगत होता: डोळे शेंड्यावर न्हाय, समोर. श्वास धरू नको. कलला की पाय हलव, हात न्हाय. वॉर्डातले पेशंट उठून बसले. नर्स धावत आली आणि निंगप्पाला इतकं बोलली की तो स्टँड घेऊनच जिन्यापर्यंत पळाला. पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, आपणहून. हे पाहून रुद्रप्पाच काय, महादेवीही अचंब्यात पडली.

संक्रांतीच्या आधी बाईंनी त्याला घरी सोडलं. मिरवणुकीत थोडं चालायला परवानगी दिली, तीही महादेवी बरोबर राहणार असेल तर.

त्या दिवशी रुद्रप्पानं बाराबंदी घातली. ती अंगावर लोंबत होती. निंगप्पाच्या कमरेचा पट्टा त्यानं स्वतःच्या हातानं आवळला आणि गाठ दोनदा तपासली. "हर्र बोला हर्र"चा गजर झाला, कळक उभे राहिले, गर्दी हलली. निंगप्पा चालला. बरा चालला. गल्ल्यांतून, वळणांवरून, माड्यांवरच्या बायकांनी टाकलेल्या फुलांतून. रुद्रप्पा त्याच्या डाव्या अंगाला चालत होता. वर्षानुवर्षं ज्या जागेवरून त्याला जग दिसलं, ती जागा हातभर अंतरावर होती, आणि तिथे दुसऱ्याचे पाय पडत होते. तो चालत राहिला.

होम मैदानाकडे वळताना घरांचा आडोसा संपतो आणि वारा मोकळा लागतो. तिथेच कळकाचा शेंडा हलला. निंगप्पाचं पाऊल अडखळलं, आणि एवढा मोठा नंदीध्वज हळूहळू रुद्रप्पाच्या बाजूला झुकू लागला. गर्दीतून एकच ओरड उठली. "पडला, पडला!" बाजूचे चौघे हात पुढे करून झेपावले. मागचे लोक त्यांच्या अंगावर आले.

रुद्रप्पाचे स्वतःचेच हात उठले होते. खांद्यापर्यंत आले होते. इतक्या वर्षांची सवय. हातांना कोण सांगणार? कळक अगदी समोर होता. धरला असता, तर सगळ्यात आधी त्यानंच धरला असता.

त्यानं हात आडवे केले आणि भावाकडे पाठ करून धावत्या माणसांपुढे उभा राहिला. "हात लावायचा न्हाय," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण त्या पट्टीतला आवाज त्या माणसांनी इतकी वर्षं ऐकला होता. पुढचा त्याच्या छातीवर आदळला. रुद्रप्पा हलला नाही. दुसरा त्याच्या हाताखालून घुसू बघत होता, त्याचं मनगट त्यानं पकडलं. "त्यानं म्हटलं का धर म्हणून? न्हाय म्हटलं. मागं व्हा."

मागे काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं. कळक पडला तर पहिला त्याच्याच पाठीवर पडणार होता. त्यानं मागे वळून बघितलं नाही. निंगप्पाच्या अनवाणी पायांचा आवाज आला, एक पाऊल बाजूला, मग अर्धं, मग थांबणं. समोरच्या माणसांच्या माना वर होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांवरून त्याला कळलं की शेंडा सरळ होतोय. मग सगळ्या मैदानानं हर्र म्हटलं.

"चल," निंगप्पाचा धापा टाकणारा आवाज मागून आला. "चल अण्णा. झालं."

माणसं बाजूला झाली, नंदीध्वज पुढे गेला. रुद्रप्पाला त्याच्यामागे जाववलं नाही. तो रस्त्याच्या कडेला दगडावर बसला. महादेवी गर्दीतून वाट काढत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मधी कशाला उभं ऱ्हायचं तुमी?" ती म्हणाली. "गोळी खाऊन आताशी कुटं अंगात जीव येतोय."

"मधी उभं ऱ्हायचंच काम असतंय गोळीचं," रुद्रप्पा म्हणाला.

मग तिनं फडक्यात बांधलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोडली. त्यानं सावकाश खाल्लं, शेवटच्या घासापर्यंत, आणि तिनं काही म्हणायच्या आत तळहात पुढे केला.